अकरा सह्यांचा अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, डॉक्टरांना नाही, बायकोला तर नाहीच. माझ्या लोखंडी कपाटात, सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांच्या वह्यांखाली, एक अर्ज आहे. दोन फुलस्केप पानं, निळं बॉलपेन, अक्षर माझ्या बायकोचं. खाली अकरा बायकांच्या सह्या, त्यातला एक अंगठा. तो अर्ज मी वॉर्ड ऑफिसात नेऊन द्यायचा होता. मी दिला नाही. दिला, असं मात्र तिला सांगितलं.

याला दहा वर्षं झाली. तेव्हा वैशालीला, माझ्या बायकोला, चौथा महिना होता. आमची मुलगी जुई आता नऊ वर्षांची आहे आणि ती स्वमग्न आहे. ऑटिझम म्हणतात तो.

या दोन गोष्टींच्या मध्ये ‘म्हणून’ हा शब्द घालता येतो का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. तरी मी तो रोज घालून बघतो.

लिहायला कसा बसलो

आमच्या पालकगटाचा दरवर्षी एक छोटा अंक निघतो. झेरॉक्स केलेला, स्टेपल मारलेला. नव्याने निदान झालेल्या मुलांच्या घरी तो पोचवतात. त्या पहिल्या महिन्यात माणसाला जाड पुस्तक वाचवत नाही, पण दुसऱ्या कुणाच्या घरी काय झालं याची चार पानं वाचवतात. लिहितात त्या सगळ्या आया. यंदा गटाच्या बाई म्हणाल्या, एखाद्या बाबांनी लिहायला हवं. सगळे बाबा मोबाइलमध्ये बघायला लागले. तेव्हा वैशालीच म्हणाली, "हा लिहील. जन्मभर सोसायटीची पत्रंच लिहिलीयत ह्याने."

खरं आहे ते. दिवसा मी एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करतो, आणि बारा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. इतिवृत्त लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ‘चर्चा होऊन असे ठरले’, एवढं लिहायचं. कोणी ठरवलं, कोण गप्प बसलं, कोणाला खाली बसवलं, ते लिहायचं नसतं. इथे तसं करणार नाही.

आणखी एक. जुईला जे आहे तो आजार नाही, हे मला आता कळतं. ती तशीच आहे. पण आमच्या घराने जी वर्षं काढली, त्यांना आजारपण सोडून दुसरा शब्द मला सापडत नाही.

धूळ

आम्ही विक्रोळी पूर्वेला राहतो, हायवे आणि खाडीच्या मध्ये. तेव्हाची आमची इमारत तीन मजली, जुनी, गॅलरीच्या स्लॅबमधून सळ्या दिसायला लागलेल्या. ती पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. आजूबाजूच्या कितीतरी इमारती अर्ध्या पाडून तशाच पडल्या होत्या. लोक भाड्याच्या घरांत आणि बिल्डर फोन उचलत नाही. म्हणून आम्ही हुशारी केली. आधी शेजारच्या मोकळ्या जागेवर टॉवर बांधा, आम्ही सामान उचलून थेट तिकडे जाऊ, मग जुनी पाडा. ही अट माझी. सभेत माझ्यासाठी टाळ्या पडल्या होत्या.

त्या हुशारीचा अर्थ असा झाला की अडीच वर्षं आम्ही साइटला खेटून राहिलो. आमच्या आतल्या खोलीच्या खिडकीसमोर, मधे फक्त एक गाडी जाईल एवढी वाट सोडून, काँक्रीट कालवायचा प्लांट बसला. हिरवी जाळी, पाणी मारणं, सगळं करारात होतं, प्रत्यक्षात नव्हतं. सिमेंटचे टँकर, मिक्सरच्या गाड्या, जनरेटरचा धूर, आणि पलीकडे हायवे होताच.

दुधावर झाकण ठेवायचं राहिलं तर सायीवर करडे कण दिसायचे. फ्रिजवर बोट फिरवलं की नाव लिहिता यायचं. वैशाली खरंच लिहायची. आधी गंमत म्हणून माझं नाव, मग खिडकीच्या काचेवर तारीख. दुसऱ्या सकाळी ती तारीख भरून गेलेली असायची, आणि ती शेजारी नवी लिहायची. कुणाला दाखवायला नाही, स्वतःला दाखवायला. तिला खोकला लागला तो जाईना. पोटाला हात लावून खोकायची. ओल्या चादरी खिडक्यांना बांधून बघितल्या. दुपारपर्यंत त्या वाळून कडक व्हायच्या आणि झटकल्या की घरभर तेच.

"मिलिंद, मी आत्ताच जाऊ का गं... गावाला?" असं ती एकदा म्हणाली. ‘गं’ चुकून आलं, कारण तेव्हा ती फोनवर आईशी बोलत होती आणि मधेच माझ्याकडे वळली होती. त्यावर आम्ही दोघं हसलो, ते हसणं मला आठवतं. तिचं माहेर कणकवलीजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी, पण जायचं सातव्यात. चौथ्यात गेलं तर लोक विचारतील, काय झालं म्हणून. सेक्रेटरीचीच बायको धुळीला कंटाळून पळाली, हे तर सगळ्यात आधी विचारतील. मी म्हटलं, बघू.

अर्ज

त्या संक्रांतीला तिने घरी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून सुती रुमाल दिले, तोंडाला बांधायला. बायका हसल्या. मग तिने अर्ज काढला. मला आधी सांगितलं नव्हतं. मोकळी धूळ, जाळी नाही, पाणी मारत नाहीत, इमारतीत लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, एक गरोदर बाई आहे. ‘एक गरोदर बाई’ असंच लिहिलं होतं, स्वतःचं नाव न घालता. दहा जणींनी हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी बसून सह्या केल्या, अकरावी तिची. तळमजल्यावरच्या भोसले आजींनी शाईऐवजी कुंकवात बोट बुडवून अंगठा दिला.

मी ऑफिसातून आलो तर म्हणाली, "सेक्रेटरी, हे उद्या वॉर्डात द्यायचं. पोच घेऊन ये."

दुसऱ्या सकाळी मी खरंच देणार होतो. पिशवीत अर्ज होता, झेरॉक्स होती. गेटवर साइटचा मॅनेजर कदम उभा होता. त्याला कसं कळलं मला ठाऊक नाही. आमच्या इमारतीत काहीच लपायचं नाही. तो दमदाटी करणारा माणूस नव्हता. चहाला घेऊन गेला. म्हणाला, तक्रार गेली की काम थांबवायची नोटीस येते, आणि थांबलेलं काम पुन्हा कधी सुरू होतं ते समोरच्या पडक्या इमारतीतल्या माणसांना विचारा. सगळं खरं होतं. मग कप खाली ठेवून म्हणाला,

"साहेब, तुमच्याकडे पाळणा हलणार आहे. चौदावा मजला, खाडीची बाजू. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या निघतील, तुमचं मी बाजूला ठेवायला सांगतो. दोन वर्षं धूळ खा, मग पोराला जन्मभर वारा."

मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. चहा संपवला.

वॉर्ड ऑफिसच्या दिशेने गेलोच नाही. सोसायटीच्या केबिनमध्ये गेलो. तिथे आमचा ‘प्राप्त’ असा तारखेचा शिक्का असतो, सभासदांच्या पत्रांवर मारायचा. तो मी झेरॉक्सवर मारला. पॅडवर जरा कमी दाबून, म्हणजे वरचं सोसायटीचं नाव उमटणार नाही. ‘प्राप्त’ आणि तारीख, एवढंच नीट आलं. खाली एक सही ओढली. अशा कामात माझा हात सराईत होता.

संध्याकाळी तिने विचारलं, दिलास? म्हटलं, दिला. कोण होतं? म्हटलं, टेबलावर एक बाई होत्या, चष्मा होता त्यांना, बऱ्या वाटल्या. न विचारता मी चष्मा सांगितला.

यानंतर जे झालं ते मला लिहायला सगळ्यात जड जातं. वैशालीने त्या आठवड्यात माहेरी जायची तयारी केली होती, अर्धी बॅग भरली होती. ती तिने रिकामी केली. म्हणाली, अर्ज दिलाय ना, महिन्याभरात काहीतरी करतील, मग कशाला उगाच लवकर जायचं, तुझे जेवणाचे हाल. महिना गेला. मग दुसरा. ती म्हणायची, सरकारी काम आहे, वेळ लागणारच. माझ्या खोट्या पोचेवर विश्वास ठेवून ती त्या खिडकीशी आणखी चार महिने बसून राहिली. गेली ती आठव्यात, खोकत.

जुई तिकडे झाली, कणकवलीला. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर मी त्यांना घेऊन आलो, त्याच खोलीत. जुई दीड वर्षाची होईपर्यंत आम्ही तिथे होतो.

मुलुंडचा दवाखाना

जुईने वेळेवर मान धरली, वेळेवर चालली. हाक मारली की मात्र बघायची नाही. खिडकीशी उभी केली की खाली मिक्सरच्या गाडीचं गरगर फिरणारं पिंप तास तास बघायची आणि इतकी गोड हसायची की आम्ही व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचो. दोन वर्षांची झाली तरी आई नाही, बाबा नाही. लोक म्हणाले, मुली लवकर बोलतात, पण असतात काही उशिरा.

अडीच वर्षांची असताना मुलुंडच्या एका बालविकासाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खोलीत खेळणी होती. बाईंनी आम्हाला खुर्चीत बसवलं. स्वतः जमिनीवर बसल्या आणि जुईच्या मागून तिला हाक मारली. एकदा. मग थांबून दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी वैशालीच्या ओठांनी आवाज न करता ‘बघ’ म्हटलेलं मी पाहिलं. जुई एका खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत होती.

डॉक्टरांनी शब्द सांगितला. नीट, हळू, डोळ्यांत बघून. मला त्यानंतरची दहा मिनिटं आठवत नाहीत. भिंतीवर जिराफाचं चित्र होतं, उंची मोजायचं, ते आठवतं.

मग त्या गरोदरपणाबद्दल विचारायला लागल्या. ताप? नाही. साखर? नाही. काही औषधं? नाही. वैशाली शाळेतल्या मुलीसारखी एकेक उत्तर देत होती. मग स्वतःहून म्हणाली, "धूळ खूप होती. घरासमोर सिमेंटचा प्लांट होता. त्याने होतं का?"

डॉक्टर म्हणाल्या, पोटात असताना आणि पहिल्या एक-दोन वर्षांत हवा खूप खराब असली तर जोखीम थोडी वाढते असं अभ्यासांत दिसतंय. पण कारणं अनेक असतात, बरीचशी जन्माच्याही आधीची, रक्तातली. एका मुलीबद्दल, हिच्याबद्दल, अमुकमुळे झालं असं कुणीच सांगू शकत नाही. मनाला लावून घेऊ नका.

"आम्ही तक्रार केली होती," वैशाली म्हणाली. "वॉर्डात दिली होती. पोच आहे माझ्याकडे." आणि तिने फाइलमधून ती झेरॉक्स काढून डॉक्टरांसमोर ठेवली.

डॉक्टरांनी ती आदराने बघितली आणि परत दिली. मी जिराफाकडे बघत होतो.

आई

माझी आई जुई झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. मालवणकडची, गिरणीकामगाराची बायको, कष्ट काढलेली. वाईट नव्हती. पण तिला कारण हवं होतं, आणि कारण म्हणून तिला समोर सून दिसत होती. गरोदरपणी नोकरीला गेली. मोबाइल घेऊन बसायची. मला ‘अरे मिलिंद’ म्हणते, हेसुद्धा त्यात आलं.

वैशालीने तोवर घाटकोपरची कुरिअर कंपनीतली नोकरी सोडली होती, थेरपीसाठी. तरी त्या वर्षी गणपतीत गावी, माजघर भरून भावकी बसलेली असताना, आई सगळ्यांसमोर म्हणाली, "हिना गिराण पाळूक नाय. दुसरा काय."

 माझ्या हातात मोदकाचं ताट होतं. मी म्हणू शकलो असतो, आई, ग्रहण नव्हतं ते, धूळ होती, आणि ती थांबवायला हिने जे केलं ते मी दाबलं. मी मोदक खाल्ला. वैशाली उठून आत गेली आणि सगळ्यांना पाणी घेऊन आली.

त्यानंतर दर गणपतीत ते वाक्य कुणी ना कुणी, जरा बदलून, बोलायचंच. आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटचे चार महिने अंथरुणावर होती, आणि तिचं सगळं वैशालीने केलं. जायच्या आदल्या आठवड्यात आईने तिचा हात धरला. मला वाटलं, आता चांगलं बोलेल. म्हणाली, "तेव्हा लक्ष देवक नाय. आता तरी दी, पोरीक." वैशाली म्हणाली, हो आई.

मी दारात उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. आई ते मनात धरूनच गेली, आणि आता तिला सांगायची सोय राहिलेली नाही.

घाटकोपरचं बाकडं

ज्यांना आत्ताच कळलंय त्यांच्यासाठी हे लिहितो, कारण अंक त्यांच्यासाठी आहे. पहिलं वर्ष फक्त बाकड्यावर जातं. आमचं बाकडं घाटकोपरच्या थेरपी सेंटरबाहेरचं. आठवड्यातून तीनदा, पंचेचाळीस मिनिटं. आतून मुलीचं रडणं ऐकू येतं आणि आत जायचं नसतं. पहिल्या दिवशी मी उठलो तर शेजारच्या शाह काकींनी माझा शर्ट धरून खाली बसवलं. त्यांच्या नातीला चार वर्षं झाली होती तिथे. म्हणाल्या, "बेसो भाई. ती रडते ती तुमच्यावर नाय, आतल्या त्या मोठ्या बॉलवर रडते." मग डब्यातून खाकरा दिला. त्या बाकड्यावर मी जितका खाकरा खाल्ला तितका जन्मात खाल्ला नव्हता.

लोक वाईट वागतात हे खरं. लिफ्टमध्ये जुई कान दाबून ओरडली की काही आया आपल्या मुलांना जवळ ओढून घेतात. पण आमचा एक ठरलेला रिक्षावाला होता, त्याला एकदा सांगितलं हिला हॉर्न सहन होत नाही. तर तो आमच्या रस्त्याला हॉर्नच वाजवायचा नाही. मान बाहेर काढून तोंडाने ‘ओ भाऊ, ओ भाऊ’ करत जायचा. वैशाली आणि मी त्या दिवसांत हसलो असू तर त्याच्या रिक्षात.

घरात आम्ही दोघं एकमेकांशी फक्त वेळापत्रकाबद्दल बोलायचो. कोण नेणार, कोण आणणार, आज जेवली का. तिला वाटायचं मी मुलीमुळे खचलोय. नातेवाइकांना सांगायची, तो बोलत नाही पण आतून फार लागलंय त्याला. माझ्या गप्प बसण्याला तीच सांभाळून घ्यायची.

जुई साडेपाच वर्षांची असताना पहिला शब्द बोलली. हायवेवरून मिक्सरची गाडी चालली होती. जुईने बोट केलं आणि म्हणाली, "गोल."

आई नाही, बाबा नाही. गोल. वैशाली रस्त्यातच खाली बसली आणि तिला पोटाशी धरून रडली. मीही रडलो, पण माझं रडणं वेगळं होतं, आणि ते तिला कळलं नाही.

आता दर रविवारी सकाळी मी जुईला हायवेवरच्या पादचारी पुलावर नेतो. तिला मास्क लावतो. ती तो काढते, मी पुन्हा लावतो. मिक्सरची गाडी आली की ती पंजे हलवते, उड्या मारते, पोटातून हसते. तिच्या आयुष्यात याहून मोठा आनंद मी अजून बघितलेला नाही. मी तिचा हात धरून उभा असतो आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक पिंपाकडे बघतो.

चौदाव्या मजल्यावरचं खाडीकडचं घर आम्हाला मिळालं. समोर खारफुटी आहे. वारा येतो. कधी कधी त्याला जळणाऱ्या कचऱ्याचा वास असतो, तेव्हा वैशाली खिडक्या लावून घेते.

एकट्याने गेलो तेव्हा

मागच्या वर्षी एक रिपोर्ट आणायला मी मुलुंडला एकटाच गेलो. डॉक्टरांना विचारलं, समजा ती पहिली दोन वर्षं धूळ कमी असती, तर? समजा बायको चौथ्या महिन्यातच माहेरी गेली असती?

त्या म्हणाल्या, "मिलिंद, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कधी येईल असं वाटत नाही." मग चष्मा काढून पुसला. "आज वैशाली का नाही आल्या?"

मी म्हटलं, तिला बरं नाही. तेही खोटं होतं.

पण घरी येताना मला पहिल्यांदा नीट दिसलं की मी चुकीच्या प्रश्नाशी झोंबतोय. धुळीने झालं का, याचं उत्तर कधीच मिळणार नाही, आणि त्या न मिळणाऱ्या उत्तराच्या आड मी इतकी वर्षं लपलो होतो. अर्ज मी दाबला, हे मात्र नक्की. आणि माझ्या बायकोला माझ्या आईने, माझ्या गावाने, माझ्यासमोर दोष दिला आणि मी मोदक खाल्ला, हेही नक्की. त्याला अभ्यास लागत नाही.

वैशालीने वाचलं

वरचं सगळं मी लिहून झाल्यावर तिला दिलं. तोंडाने सांगायला हवं होतं. ते जमलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो. रविवारची दुपार होती. जुई खोलीत भोवरा फिरवत होती. वैशालीने ओट्याशी उभं राहून वाचायला सुरुवात केली, दुसऱ्या पानावर गॅस बंद केला, आणि मग खाली फरशीवर बसून उरलेलं वाचलं.

वाचून झाल्यावर उठली. जुईची फाइल आणली. नऊ वर्षांचे रिपोर्ट, आणि सगळ्यांच्या मागे, प्लास्टिकच्या पाकिटात, ती पोच. प्रत्येक दवाखान्यात ती सोबत गेलेली. तिने ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. शिक्क्याच्या वर जिथे नाव उमटलं नव्हतं तिथे बोट ठेवलं.

म्हणाली, "मला रोज वाटायचं, मी एकदा स्वतः जाऊन यायला हवं होतं. नुसता अर्ज देऊन काय बसून राहिले. एकदा गेले असते तर. दहा वर्षं, मिलिंद. आंघोळ करताना, भाजी चिरताना. एकदा गेले असते तर."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"धूळ तुला थांबवता आली नसती कदाचित," ती म्हणाली. "हे तुला थांबवता आलं असतं. कुठल्याही दिवशी."

चार दिवस बोलली नाही. जुईबद्दलही चिठ्ठ्या. पाचव्या दिवशी मी कपाटातून मूळ अर्ज काढून तिच्यासमोर ठेवला. भोसले आजींच्या अंगठ्याचं कुंकू तपकिरी झालं होतं. तिने सह्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. म्हणाली, "अंकात द्यायचं तर दे. पण आधी ह्या दारांवर जा. ह्या बायकांनी छापलेलं वाचून कळून घ्यायचं का?"

मी गेलो. बहुतेक सगळ्या त्याच टॉवरमध्ये राहतात. कुणी दार उघडं ठेवून ऐकलं, कुणी बसवून. एकीने मधेच दार लावलं. सावंत वहिनी, ज्यांना दमा आहे, बराच वेळ हातातला पंप फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी एकदा म्हटलं होतं ह्यांना, वॉर्डाचा शिक्का असा नसतो. हे म्हणाले, गप बस, घर हवंय ना." मला वाटलं होतं, हे ऐकून माझं ओझं हलकं होईल. झालं नाही.

भोसले आजी आता नाहीत. त्यांच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, आईला आता काय त्याचं. मी म्हटलं, खरंय.

दहा दारं झाली. अर्ज आणि पोच, दोन्ही आता वैशालीने जुईच्या फाइलमध्ये एकामागे एक ठेवलेत. आम्ही एकाच घरात आहोत. ती मला माफ करेल का, हे मी विचारलेलं नाही, विचारणार नाही.

जुईला मी काय देणं लागतो, ते कसं फेडायचं मला कळत नाही. तिला रविवारी पुलावर नेतो. वैशालीचं कळतं. येत्या गणपतीत गावी, त्याच माजघरात, सगळी भावकी बसलेली असताना, मला उठून सांगायचंय की हिने काही चुकवलं नाही, हिने अर्ज लिहिला होता, तो मी दाबला, आणि माझी आई मरेपर्यंत चुकीच्या माणसाला दोष देत राहिली कारण तिचा मुलगा गप्प होता. हे मी अजून केलेलं नाही. एवढं माझ्याकडून यायचं आहे.